डॉ. दत्ता सामंत : संपाचा पुढारी, मतपेटीचा उमेदवार

गेल्या अंकात आम्ही कामगार चळवळीतून राजकारणात आलेल्या पुढाऱ्यांविषयी प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे एकाच माणसाभोवती फिरत होती, ते म्हणजे मुंबईतल्या 1982 च्या कापड गिरणी संपाचे डॉक्टर दत्ता सामंत. म्हणून या वेळचे सदर त्यांच्यावरच. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : दवाखाना चालवणारा डॉक्टर कामगार पुढारी कसा झाला? घराण्यात चळवळ होती का? (एक वाचक, मालवण)

सामंत तुमच्याच तालुक्यातले. जन्म 21 नोव्हेंबर 1932, गाव देवबाग. मुंबईत एम.बी.बी.एस. झाल्यावर त्यांनी घाटकोपरच्या पंतनगरात दवाखाना थाटला. त्या काळी उपनगरांतल्या टेकड्या फोडून खडी काढली जाई. दगडखाणीत राबणारी माणसे हीच त्यांची गिऱ्हाइके. जखमेला टाके घातले की काम संपत नसे, कारण तो माणूस उद्या त्याच खाणीत, त्याच मजुरीवर जाणार असे. साठच्या दशकात सामंतांनी या खाणकामगारांची संघटना बांधली. सुरुवात घराण्यातून नव्हे, दवाखान्याच्या बाकड्यावरून झाली.

तिथून विक्रोळी, मुलुंड, भांडुप, कुर्ला या पट्ट्यातल्या इंजिनिअरिंग आणि रसायनांच्या कारखान्यांत त्यांचा शिरकाव झाला. त्या वेळी ते काँग्रेसमध्ये होते आणि काँग्रेसच्याच इंटक या कामगार संघटनेत काम करत. काँग्रेसच्या तिकिटावर ते आमदारही झाले. तरी आणीबाणीत त्यांना तुरुंगात जावे लागले, कारण सरकारच्या लेखी ते आधी संप करणारे पुढारी होते, पक्षाचा आमदार त्यानंतर. 1977 साली सुटून आले ते पूर्वीपेक्षा मोठे होऊन.

प्रश्न : त्यांची बोलणी करायची पद्धत वेगळी होती असे वडील सांगतात. नेमके वेगळे काय? (एक वाचक, ठाणे)

त्या काळची रूढ पद्धत अशी होती. युनियनने मागणीपत्र द्यायचे, मालकाने ताळेबंद टेबलावर ठेवायचा, नफातोट्याच्या आकड्यांवर महिनोन् महिने घासाघीस व्हायची, आणि शेवटी मागच्या करारावर थोडी भर टाकून सही व्हायची. सामंत ताळेबंदात शिरतच नसत. ताळेबंद मालकाचे हिशेबनीस लिहितात, तो कामगाराने का मानायचा, हा त्यांचा सवाल. कारखान्यातून रोज माल किती बाहेर पडतो हे खात्यातल्या माणसाला तोंडपाठ असते, आणि त्यांचा भरवसा त्या माहितीवर होता. मागणी सरसकट आणि मोठ्या रकमेची, आणि ती मिळेपर्यंत काम बंद. कामगार मोठ्या संख्येने येऊन ‘आमची युनियन घ्या’ म्हणेपर्यंत ते कारखान्यात पाऊल टाकत नसत. त्यामुळे संप सुरू झाला की फूट पाडणे मालकाला अवघड जाई.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये या पद्धतीने भरघोस वाढ मिळाली. पद्मिनी मोटारी बनवणारा हा कारखाना. ही बातमी लोकलच्या डब्यांतून साऱ्या मुंबईत पोचली.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ही पद्धत चालते ती माल विकला जात असताना, तेजीत. कारखाना बंद राहिला की मालकाचे नुकसान होते, म्हणून तो टेबलावर येतो. गोदामात माल पडून असेल तर संप मालकाला परवडतो. काही ठिकाणी मालकांनी टाळेबंदी केली, काहींनी नवी यंत्रे मुंबईबाहेर बसवली. गिरणी संपात हीच गोष्ट फार मोठ्या प्रमाणावर घडली.

प्रश्न : गिरण्यांत राष्ट्रीय मिल मजदूर संघ नको असे कामगारच म्हणत होते, तर तो बदलला का नाही? निवडणूक घ्यायची की! (एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर)

साऱ्या संपाची गाठ या प्रश्नात आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मुंबईच्या कापड गिरण्यांना 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा लागू होता. कामगार त्याला ‘बी.आय.आर.’ म्हणत. मुंबई प्रांताचे तेव्हाचे कामगारमंत्री गुलझारीलाल नंदा यांच्या काळातला हा कायदा. त्यात ‘प्रातिनिधिक संघ’ अशी तरतूद आहे. एका स्थानिक क्षेत्रातल्या एका उद्योगात जेवढे कामगार, त्यांपैकी किमान 25 टक्के ज्याचे सलग तीन महिने सभासद, त्या संघाची रजिस्ट्रार नोंद करतो. गिरण्यांत हा नोंदलेला संघ म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. गणित करून पाहा. कामगार अडीच लाख धरले तर साडेबासष्ट हजार सभासद पुरतात. उरलेल्या पावणेदोन लाखांवर माणसांना तो संघ नको असला तरी करार तोच करणार, आणि तो करार सभासद असो वा नसो, सगळ्यांवर बंधनकारक. बहुतेक प्रकरणांत कोर्टासमोरही कामगारांच्या वतीने तोच उभा राहणार.

दुसऱ्या संघाला त्याची जागा घ्यायची तर त्याने आपले सभासद जास्त असल्याचे सिद्ध करायचे. ते कसे? सभासद नोंदवह्या आणि वर्गणीच्या पावत्या रजिस्ट्रारकडे नेऊन. गुप्त मतदान कायद्यात नाही. शिवाय ‘स्थानिक क्षेत्र’ म्हणजे मुंबईतल्या साठएक गिरण्या मिळून एकच. एखाद्या गिरणीतला शंभर टक्के कामगार तुमच्याकडे आला तरी त्या गिरणीपुरते काहीही बदलत नाही. सगळ्या गिरण्यांत, प्रत्येक पाळीत वर्गणी गोळा करणारी माणसे हवीत, आणि जुन्या संघाची माणसे खात्याखात्यात आधीच बसलेली. रजा मंजूर करून घ्यायची, गैरहजर कामगाराच्या जागी बदलीचे काम मिळवायचे तर त्यांच्याशी वाकडे घेऊन भागत नसे. म्हणून मनात एक आणि हातात दुसऱ्याची पावती, अशी अनेकांची स्थिती होती.

कापडाबाहेरच्या कारखान्यांत कायदा वेगळा होता, 1971 चा. कामगार संघांना मान्यता देण्याचा आणि अनुचित प्रथांना आळा घालण्याचा. तिथे मान्यता कारखान्यापुरती. त्या कारखान्यातले 30 टक्के कामगार सलग सहा महिने सभासद दाखवले की औद्योगिक न्यायालयाकडे अर्ज करता येतो. संपाला 14 दिवसांची नोटीस आणि मान्यताप्राप्त संघ असेल तर त्याच्या सभासदांचे बहुमत लागते. अटी कडक आहेत, पण दार एकेका कारखान्याचे आहे. सामंतांनी विक्रोळी ते ठाणे-बेलापूर पट्ट्यात अशी दारे एकामागून एक उघडली. गिरणगावात तसे दारच नव्हते.

म्हणून 1982 च्या मागण्यांत पगारवाढीइतकीच बी.आय.आर. कायदा रद्द करण्याची मागणी महत्त्वाची होती. आमच्या मते तीच खरी मागणी. पगारावर मालक दोन पावले मागे आले असते. कायद्यावर सरकारने मागे यायचे होते, आणि समोरचा संघ सत्ताधारी पक्षाच्या इंटकचाच होता.

प्रश्न : संप सामंतांनी लादला की कामगारांनी त्यांना ओढले? (दोन वाचक : परळ आणि इस्लामपूर)

ठिणगी ऑक्टोबर 1981 मध्ये दिवाळीच्या बोनसवरून पडली. बोनस कायद्याप्रमाणे किमान 8.33 टक्के (म्हणजे वर्षाच्या कमाईचा बारावा हिस्सा) आणि कमाल 20 टक्के. कामगारांची अपेक्षा वीसची होती, संघाने त्याहून कमीवर करार केला. काही गिरण्यांत काम थांबले. स्टँडर्ड मिलचे कामगार मोर्चाने घाटकोपरला सामंतांकडे गेले. कापडधंद्यातला कायदा वेगळा आहे, हे सामंतांना पुरते माहीत होते आणि त्यांनी लगेच होकार दिला नाही. माणसे तिथून उठायला तयार नव्हती.

6 जानेवारी 1982 ला एक दिवसाचा लाक्षणिक संप झाला आणि 18 जानेवारीपासून बेमुदत संप सुरू झाला. मधल्याच दिवसांत सिमेंट प्रकरणातल्या हायकोर्टाच्या निकालामुळे मुख्यमंत्री अंतुल्यांनी राजीनामा दिला आणि संप सुरू झाल्यावर लगेच बाबासाहेब भोसले त्या पदावर आले. ज्यांच्याशी बोलायचे तो माणूसच बदलला.

तेव्हा ‘लादला’ हा शब्द आम्हाला पटत नाही. मात्र संप सुरू करताना तो थांबवायचा कसा याचा आराखडा नव्हता, आणि ती जबाबदारी पुढाऱ्याचीच असते. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही.

प्रश्न : दीड वर्ष पगार नाही, मग घरे चालली कशी? आणि गिरण्या बंद असून बाजारात कापड कसे होते? (एक वाचक, इचलकरंजी)

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच गावात आहे. संपाच्या सुरुवातीला कापडाला उठाव कमी होता आणि गोदामांत माल शिल्लक होता. पुढे गिरण्यांनी यंत्रमागावर कापड विणून घेतले. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीचे माग चालू राहिले आणि गिरणीचे नाव बाजारातून गेले नाही. साचेखाते (मागांचे खाते) बंद ठेवूनही मालकाचा धंदा चालतो, हे त्या वर्षी सिद्ध झाले.

घरे चालली ती गावाच्या जिवावर. गिरणी कामगार मूळचा कोकणातला नाही तर सातारा, सांगली, कोल्हापूरचा. गिरणगावातल्या दहा बाय बाराच्या गाळ्यात आठ-दहा माणसे पाळीपाळीने झोपत. पहिल्या पाळीचा उठला की त्याच्या वळकटीवर तिसऱ्या पाळीचा आडवा होई. संप लागताच एकेकटे राहणारे गावी गेले, शेतात राबले. गावाकडून ज्वारी-तांदूळ येई. सामंतांच्या इतर कारखान्यांतल्या कामगारांनी वर्गणी काढली, डाव्या पक्षांनी धान्य गोळा केले. खानावळवाल्या बायांनी महिनोन् महिने उधारीवर डबे दिले आणि त्यांतल्या कितीतरी जणींची ती उधारी कायमची बुडाली. संपाच्या नोंदींत ही रक्कम कुठे येत नाही, ती यायला हवी होती. तांब्यापितळेची भांडी आधी गेली, मग मंगळसूत्र.

सर्वांत वाईट हाल बदली कामगाराचे. बदली म्हणजे कायम नसलेला. हातात बदली कार्ड घेऊन पाळीच्या भोंग्याआधी गेटवर उभे राहायचे, कुणी कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी आत जायचे, नाहीतर घरी. वर्षानुवर्षे असे. या बदल्यांना कायम करा, ही मागणी संपाच्या यादीत होती. पगारवाढ सेवेच्या वर्षांप्रमाणे अडीचशे ते चारशे रुपये, शिवाय घरभाडे आणि प्रवासभत्ता. गिरण्या पुन्हा सुरू होऊ लागल्या तेव्हा संपात राहिल्याचा ठपका ठेवून सर्वांत आधी वगळले गेले ते बदलीच.

सरकारने 1983 मध्ये मुंबईतल्या 13 गिरण्यांचे व्यवस्थापन हाती घेतले. त्यांत टाटा, कोहिनूर, पोदार या होत्या.

प्रश्न : संप हरला तरी 1984 ला सामंत खासदार कसे झाले? (एक वाचक, नाशिक)

इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची ती निवडणूक. महाराष्ट्रातल्या 48 पैकी 43 जागा काँग्रेसने घेतल्या. लाटेत टिकलेले पाच बिगर-काँग्रेसी पाहा. राजापूरला मधू दंडवते, कुलाब्याला शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील, समाजवादी काँग्रेसचे दोन (त्यांत बारामतीचे शरद पवार), आणि मुंबई दक्षिण-मध्यमधून अपक्ष दत्ता सामंत. एका अपक्षाने मुंबईच्या मध्यभागी ती लाट अडवली.

तुम्ही ‘संप हरला तरी’ म्हणता. मतदाराने मात्र हिशेब असा केला नाही. त्याच्या दृष्टीने डॉक्टरांनी त्याला विकले नव्हते. तडजोड करून निघून गेलेले पुढारी त्याने पूर्वी पाहिले होते. हा माणूस शेवटपर्यंत उभा राहिला, आणि संप मोडल्याचा राग काँग्रेसवर निघाला.

आणखी एक साधे कारण आहे ते भूगोलाचे. गिरणीचा कामगार गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यात राहत असे. काम, चाळ, मंडळ, मतदान केंद्र, सगळे चालत दहा मिनिटांवर. चाळ कमिटीने ठरवले की मजल्याच्या मजल्याची मते फिरत. विक्रोळी-ठाण्याच्या कारखान्यांत सामंतांचे सभासद थोडे नव्हते, पण ते कल्याणपासून पनवेलपर्यंत विखुरलेले राहत. त्यांच्या पावत्या हजारोंनी फाटत आणि मते वीस मतदारसंघांत वाटली जात. कामगार आघाडी हा सामंतांचा पक्ष गिरणगावाबाहेर मोठा झाला नाही, त्याचे मुख्य कारण आमच्या मते हेच.

1989 ला ही जागा शिवसेनेच्या वामनराव महाडिकांकडे गेली. या नावामागे इतिहास आहे. 5 जून 1970 ला परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. त्या पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई यांना हरवून हेच महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले होते. एकोणीस वर्षांनी त्याच गिरणगावाने त्यांना दिल्लीला पाठवले. दरम्यान गिरणीतून बाहेर पडलेला बाप गावी गेला होता आणि चाळीत राहिलेल्या मुलाकडे तिकीट नंबर (गिरणीतला कामगार क्रमांक) नव्हता, युनियनची पावती नव्हती. त्याच्या जवळ होती ती नाक्यावरची शाखा.

प्रश्न : आमच्या युनियनच्या सरचिटणीसांना महापालिका निवडणुकीला उभे करायचे घाटत आहे. युनियनचा पैसा वापरता येतो का? (पिंपरी-चिंचवडमधील एक कामगार प्रतिनिधी)

सर्वसाधारण निधीतून एक रुपयाही नाही. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात राजकीय कामासाठी वेगळा निधी उभारण्याची सोय होती आणि 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेनेही वेगळ्या निधीची पद्धत ठेवली आहे. करायचे ते असे. आधी घटना तपासा, तिच्यात या निधीची तरतूद नसेल तर सर्वसाधारण सभेत दुरुस्ती मंजूर करून रजिस्ट्रारकडे नोंदवा. मग बँकेत वेगळे खाते, वेगळे पावती पुस्तक, वेगळे कीर्द-खतावणी. वार्षिक विवरणात हा निधी स्वतंत्र दाखवायचा.

या निधीची वर्गणी ऐच्छिक असते. ती न देणाऱ्या सभासदाला कुठल्याही लाभापासून दूर ठेवता येत नाही आणि ‘वर्गणी द्या तरच सभासद करू’ असेही म्हणता येत नाही. हमखास चूक होते ती पगारातून कापून घेतल्या जाणाऱ्या मासिक वर्गणीतच दहा-वीस रुपये ‘निवडणूक निधी’ म्हणून मिसळण्याची. एका सभासदाने तक्रार केली की साऱ्या हिशेबाची चौकशी लागते, आणि ती तक्रार बहुधा विरोधी गटातूनच येते. युनियनची जीप, कार्यालय, छापखान्याचे बिल हेही खर्चच आहेत. वापरलेत तर राजकीय निधीतून भरा आणि उमेदवाराच्या निवडणूक खर्चात दाखवा.

निवडून आल्यावर पद सोडावे लागेल का, हेही तुम्ही विचारले आहे. नगरसेवक, आमदार, खासदार युनियनचा पदाधिकारी राहू शकतो. मंत्री झाल्यावर मात्र राहता येत नाही, ही अट 2001 च्या दुरुस्तीने आली.

एक सल्ला मागितला नसतानाही देतो. सभासदांची यादी घ्या आणि प्रत्येकाच्या नावापुढे तो कुठल्या प्रभागात मतदार आहे ते लिहा. गावाकडे नाव असलेले वेगळे काढा. तीन हजार सभासदांतले तुमच्या प्रभागात किती उरतात ते पाहून मग उमेदवारी ठरवा.

प्रश्न : सामंतांच्या खुनाचा निकाल काय लागला? (एक वाचक, कणकवली)

16 जानेवारी 1997 ला सकाळी पवईच्या घरातून पंतनगरच्या कार्यालयाकडे निघाले असताना चौघांनी गाडी अडवून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. संपाच्या पंधराव्या वर्धापनदिनाला दोन दिवस उरले होते. खटले दीर्घकाळ चालले. छोटा राजन याला विशेष न्यायालयाने जुलै 2023 मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सोडले. गिरण्यांच्या जमिनी विक्रीला निघाल्या होत्या तो हा काळ, आणि सामंत तेव्हाही कामगारांच्या देण्यांसाठी भांडत होते. यापुढे जाऊन कुणाचे नाव घेणे योग्य नाही.

प्रश्न : वडील 1983 ला संपात असतानाच गावी परतले, पुन्हा कामावर घेतले नाही. गिरणी कामगारांच्या घरासाठी आम्ही बसतो का? (एक वाचक, पाटण)

आधी हे घर कुठून येते ते पाहा. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे ठरवले. एक महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. 2001 मध्ये नियम बदलला. वाटणी साऱ्या जमिनीची न राहता फक्त रिकाम्या जमिनीची झाली, म्हणजे शेडखालची जमीन वगळली. सुप्रीम कोर्टाने 2006 मध्ये हा बदल ग्राह्य धरला. म्हाडाच्या वाट्याला जमीन फार कमी आली आणि घरांपेक्षा अर्जदार कितीतरी जास्त आहेत, ते यामुळे.

पात्रतेची तारीख 1 जानेवारी 1982 आहे. त्या दिवशी किंवा त्यानंतर जो गिरणीच्या पटावर होता तो कामगार, आणि तो हयात नसेल तर त्याचे वारस. तुमचे वडील संप सुरू झाला तेव्हा पटावर होते, म्हणजे पुढे नाव कापले गेले तरी ते यात बसतात. बदली कामगारही बसतो.

अडते ते कागदावर. पुढील कागद शोधा : तिकीट नंबर असलेला गिरणीचा पास, ई.एस.आय.चे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची स्लिप, पगाराची पावती, हजेरी किंवा रजेचे कार्ड, सेवेचा दाखला. एकापेक्षा जास्त मिळाले तर उत्तम, आणि सगळ्यांवर तिकीट नंबर एकच आहे ना ते पाहा. नावात ‘बाळू’ आणि ‘बाळकृष्ण’ असा फरक निघतो. तो असल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून ठेवा. वारसांमध्ये अर्ज एकाच्याच नावाने होतो, म्हणून बाकीच्या भावंडांची लेखी संमती आधीच घ्या. गावच्या घरात माळ्यावर पत्र्याची पेटी असेल तर तिच्यापासून सुरुवात करा. संपात परतलेल्या माणसांनी पास आणि ई.एस.आय. कार्ड बहुधा जपून ठेवलेले असते.